टरबुजाच्या आठवड्यातली परीक्षा

बाई, आज मी आठवीच्या मुलींना अणू एका तासात शिकवून टाकला. तुम्ही असतात तर दारातूनच ओरडला असतात, "एवढी कसली घाई गं, अणू काय पळून चालला होता?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही बिघडलं की आधी तुम्हीच आठवता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, झाला ना पोर्शन, मग रडतेस कशाला? त्याला काय कळणार कप्पाळ!

तुमचा अणू महिनाभर चालायचा. तुम्ही शहरातून एसटीनं आमच्या फुलंब्रीच्या शाळेत यायचात, पदराला कायम खडूची पूड. पहिल्या आठवड्यात अणू म्हणजे टणक गोळा, फुटत नाही, संपला विषय. इतकं छातीठोक सांगायचात की आम्ही घरी जाऊन आईबापाला ऐकवायचो. आणि सोमवारी फळा पुसून म्हणायचात, "पोरांनो, मी चुकले. गोळ्याच्या आतून काहीतरी बारीक बाहेर येतंय. आता काय करायचं?" आमच्या घरात मोठं माणूस चुकलं, असं कधी झालंच नव्हतं. माझे वडील तर रस्ता चुकले तरी पुढच्या गावातच काम होतं म्हणायचे. मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "म्हंजे बाई, तुमी आठ दिवस खोटं सांगितलं व्हय?" तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "खोटं नाय रे. तेवढंच दिसत होतं."

मग टरबूज आलं. खरंखुरं, एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. लाल गर म्हणजे धन प्रभार, त्यात रुतलेल्या बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. चिरलंत आणि आम्ही वर्गात बसून अणू खाल्ला. इलेक्ट्रॉन खिडकीबाहेर थुंका, म्हणालात. आणि नेमकी त्याच आठवड्यात आसपासच्या सगळ्या शाळांची मिळून होणारी केंद्राची परीक्षा आली. ती पुढच्या महिन्यात होती, पण शाळेत मतदानाच्या पेट्या येणार म्हणून अलीकडं ओढली. प्रश्न होता, अणूची रचना आकृतीसह स्पष्ट करा. आख्ख्या वर्गानं टरबूज काढलं. मी तर हिरवी सालसुद्धा रंगवली, जास्त मार्क पडतील म्हणून. पेपर तपासले दुसऱ्या शाळेच्या सरांनी. सगळ्यांना भोपळा!

शाळेत शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले, जीप घेऊन. आम्हाला उभं करून विचारलं, हे टरबूज कुणी शिकवलं? तुम्ही पुढं आलात आणि म्हणालात, "चूक माझी आहे साहेब, पोरांची नाय. मी अजून तिथवर पोचले नव्हते." साहेब चिडले, "बाई, तुम्हाला तरी ठाऊक आहे का अणू कसा असतो?" तुम्ही म्हणालात, "आजपर्यंतचं ठाऊक आहे." असं साहेबाला कुणी बोलतं होय! सरळ पुस्तकातलं शेवटचं चित्र शिकवा, नाहीतर लेखी खुलासा द्यावा लागेल, असं बजावून ते गेले. आम्हाला वाटलं, संपला खेळ. तुम्ही आमच्याकडं बघितलंत, कपाट उघडलंत आणि पोरांच्या जप्त केलेल्या गोट्या काढल्यात. टेबलावर चादर टाकली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत. खाली काहीतरी लपवलं आणि म्हणालात, गोट्या सोडा. सोडली की गोटी पलीकडून बाहेर, सोडली की बाहेर. आणि मग माझी गोटी खट्‌कन वाजून उलटी माझ्याच पायाशी आली. मी किंचाळले, "बाई, मधी लई टणक हाय काहीतरी! बाकी समदं मोकळंय!" चादरीखाली खिचडीवाल्या मावशीचा वरवंटा होता. तुम्ही मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवलात. मला विज्ञान आवडतं की तुम्ही आवडता, हे त्या दिवसापासून मला वेगळं काढता आलेलं नाही.

आता मी गारखेड्याच्या शाळेत शिकवते, तुमच्याच पद्धतीनं. गोळा, मग टरबूज, मग केंद्रकाभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. मग मुलीच भांडतात, की फिरता फिरता ऊर्जा संपून इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडत नाही? मग ठरावीक कक्षा, आणि शेवटी इलेक्ट्रॉनचा नुसता ढग, इथं असेल नाहीतर तिथं असेल. पण या वर्षी टरबुजाच्याच आठवड्यात एका मुलीच्या वडिलांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. मॅडम पोरींना चुकीचं शिकवतात, आमच्या पोरीच्या खासगी क्लासमध्ये तर ढग सांगितलाय. खाली अंगठ्यांची रांग. मुख्याध्यापक तसे भला माणूस, म्हणाले, "मॅडम, कशाला नसतं लफडं? उरकून टाका ना." आणि मी उरकलं, बाई. सगळी चित्रं ओळीनं काढली, खाली नावं दिली. मुलींनी गुपचूप उतरवून घेतली. रोज माझ्याशी हुज्जत घालणारी एक पोरगी आहे, तिनं शेवटी हात वर केला. मला केवढं बरं वाटलं! तिनं विचारलं, "मॅडम, यातलं परीक्षेला कोणतं येणार?"

घरी येऊन जेवले नाही. उद्या फळ्यावर पुन्हा नुसता गोळा काढणार आहे, आणि मुलींना सांगणार आहे की काल मी चुकले. ग्रुपवर काय यायचं ते येऊ दे. हे पत्र कुठं पाठवायचं, पत्ताच नाही, वहीतच राहील. पण तुम्हाला म्हणून सांगते, मला फार भीती वाटतेय. त्या दिवशी जीप गेल्यावर तुम्हालाही वाटत होती का, हे तुम्ही होतात तोवर मला विचारायचं सुचलंच नाही. मला आपलं वाटायचं, बाईंना कसली आलीय भीती.