बाबा गप्प का बसला

प्रिय कोरीन,

रविवारपासून तू फोन उचलत नाहीयेस. मेसेज पाठवला असता, पण तुझ्या फोनवरचे मेसेज आधी ती मदतनीस मुलगी वाचते आणि मग तुला दाखवते, हे तूच उन्हाळ्यात मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. हे तिने वाचायचं नाही. म्हणून कागद घेतला आहे, आणि पाकीट तुझ्या ऑफिसच्या नव्हे, घरच्या पत्त्यावर टाकते आहे. माझं अक्षर आता वाकडंतिकडं येतं. चांगल्या उजेडात वाच, आणि एकटी असताना वाच.

तू बाबाला जे बोललीस ते मीही ऐकलं. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता आणि स्पीकर चालू होता, कारण त्याला डाव्या कानाने आता नीट ऐकू येत नाही. "एक 'हो' म्हणायला तुझं काय जात होतं, बाबा? अख्ख्या देशासमोर स्वतःच्या मुलीला खोटं पाडलंस! थँक्सगिव्हिंगला माझी वाट बघू नका. पुढचंही मला काही माहीत नाही." एवढं बोलून तू फोन ठेवलास. तो कोट चढवून बाहेर गेला आणि अंगणातली पानं गोळा करायला लागला. आमच्या अंगणातली संपली तेव्हा शेजारच्या व्हर्नाच्या अंगणात शिरला. कुंपणावरून व्हर्ना मला म्हणाली, "मार्लीन, तुझ्या नवऱ्याला काय झालंय गं? माझ्या झाडावरची पानं पडायची वाट बघत उभा आहे तो." मी म्हटलं, निवडणूक झालीय त्याला. ती हसली. मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून तो घरात असून नसल्यासारखा आहे, जेवतो ते मी ताट समोर ठेवते म्हणून.

इथं सगळ्यांचीच डोकी फिरली आहेत म्हणा. मी आमच्या उमेदवाराची पाटी अंगणात लावली, ती दोनदा कुणीतरी उपटून नेली. मी तिसरी लावली आणि तिच्या पायाशी विटा रचल्या. तुझा उमेदवार टीव्हीवर बोलायला लागला की मी भांडी घासायला जाते, आणि आमचा बोलायला लागला की बाबा कुत्र्याला फिरवायला नेतो. "आपल्याच बाजूचा आहे," म्हणतो, "पण ऐकवत नाही गं." तुझ्या वाहिनीवर आमची माणसं देश विकायला निघालेली असतात, समोरच्या वाहिनीवर तुझी माणसं देश पेटवायला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे लहान पोरांनाही कळतं, पण चांगल्या सुटातली शिकलेली माणसं तेच रोज दोन तास बोलतात आणि त्याला विश्लेषण म्हणतात. तूही त्यातलीच एक आहेस. रागावू नकोस. तू त्यातली सगळ्यात हुशार आहेस, हेही मी व्हर्नाला सांगत असते.

बाबाची ती गोष्ट तू टीव्हीवर पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा आम्ही दोघं सोफ्यावर बसून ऐकत होतो. काचेच्या कारखान्याची भट्टी कायमची थंड झाली त्या संध्याकाळी बाबा घरी आला, ट्रक दारात लावला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. तू सतरा वर्षांची, खिडकीत उभी राहून ते पाहिलंस. आमच्या पक्षाने परदेशांशी करार केले, स्वस्त काच आणली, आणि एका स्वाभिमानी माणसाला स्वतःच्याच दारात रडवलं, अशी तुझी गोष्ट. ते बोलताना तुझा आवाज कापला. तो खरा कापला होता. मी तुझी आई आहे, मला कळतं. पुढच्या महिन्यात तुझा उमेदवारच ती गोष्ट सांगायला लागला. आता त्याच्या प्रत्येक सभेत 'ट्रकमधला बाप' असतो आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

आधी गावालाही अभिमान वाटला. विल्माने तुझा फोटो तिच्या हॉटेलात गल्ल्यामागे लावला. पण गाव ते गाव. ज्यांनी बाबाबरोबर त्या भट्टीवर काम केलं, ते सगळे त्याच हॉटेलात सकाळी अंडी आणि बटाटे खायला येतात. रस्टी एक दिवस म्हणाला, "काय रे एमिल, आज रडायचा विचार आहे का? असला तर आधी सांग, कॅमेरावाल्यांना बोलावतो." दुसरा कोणीतरी म्हणाला, "आम्हीपण त्याच दिवशी घरी गेलो होतो बाबा, आमच्या पोरींनी नाही पाहिलं ते." हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, पण रोज तेच. बाबाने हळूहळू जाणं सोडलं. मी म्हटलं, कोरीनला सांगते, ती गोष्ट जरा आवरती घे म्हणून. तर म्हणाला, "नको. पोरगी चांगलं बोलते. माझ्यावर गेली नाही ते बरं झालं." तुझ्याबद्दल त्याने तक्रारीचा एक शब्द काढलेला नाही.

मग समोरच्या वाहिनीची माणसं आली. व्हिटनी नावाची एक मुलगी होती, फार गोड बोलणारी, आणि तिच्याबरोबर कॅमेरा धरणारा एक धिप्पाड माणूस. तिने फोनवर सांगितलं होतं की तिला काचेच्या धंद्याबद्दल ऐकायचं आहे, जुनी गावं, जुने कारखाने. बाबा खुळा नाही. ते कशासाठी येत आहेत ते त्याला कळत होतं. पण त्याला वाटलं, एवढी माणसं आमच्याविषयी बोलतात, एकदा आपणही आपल्या तोंडाने सांगावं. निळा टाय बांधला. मी भोपळ्याचा केक भाजला, कारण शत्रू झाला तरी पाहुणा तो पाहुणा. बाबा तासभर बोलला. भट्टी रात्रंदिवस कशी पेटती ठेवावी लागते, ती बंद करायची वेळ आली तेव्हा आतली काच बाहेर काढून टाकताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं, बरण्यांच्या साच्यांना तेल लावताना हात कसे भाजायचे. व्हिटनी मान डोलवत होती. इतकं छान बोलताना मी त्याला आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. मग तिने कपातली कॉफी संपवली आणि विचारलं, "मिस्टर कोवालिक, तुमची मुलगी म्हणते त्या संध्याकाळी तुम्ही कारखान्यासाठी रडलात. हे खरं आहे का?"

पुढचं तू पाहिलंस. सगळ्या देशाने पाहिलं. त्याने उत्तर दिलं नाही. तोंड उघडलं, मिटलं, एकदा बाजूला बघितलं आणि मग मांडीवरच्या हातांकडे बघत बसला. तासाभराच्या बोलण्यातली भट्टी गेली, साचे गेले, आणि तेवढं गप्प बसणं मात्र त्यांनी मागे हळू संगीत लावून दाखवलं. खाली अक्षरं फिरत होती, 'बापालाही पटेना मुलीची गोष्ट'. तुझ्या वाहिनीवर त्याच रात्री तेच दृश्य, संगीत वेगळं, आणि खाली 'दुःखाने शब्द फुटेना'. एक बाई म्हणाल्या, हा माणूस लाजला आहे. एक गृहस्थ म्हणाले, हा माणूस खचला आहे. देहबोलीचे कोणी जाणकार आणले होते, त्यांनी चित्र थांबवून थांबवून दाखवलं की डोळे डावीकडे गेले, म्हणजे कॅमेऱ्यामागे कोणीतरी उभं आहे आणि इशारे करतं आहे, पक्षाचं माणूस असावं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण कोरीन, इतक्या सगळ्या बडबडीत तेवढं एक खरं होतं. कॅमेऱ्यामागे कोणीतरी उभं होतं. फ्रिजला टेकून, एप्रन बांधून. मी होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. नाही म्हणून.

आता ते नाही कशाला होतं, ते सांगते.

भट्टी थंड केली त्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. माझ्या छातीत गाठ होती, आणि ती वाईट निघाली होती. तपासणीचं मी बाबालाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, त्याच्यामागे एवढं लागलंय, आणखी कशाला. फोन ठेवला आणि घरात बसवेना, म्हणून गाडी काढून कारखान्याच्या दाराशी गेले. माणसं डबे आणि हातमोजे घेऊन बाहेर पडत होती. मी काही सांगणार नव्हते. त्याने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?" मग सांगावंच लागलं, तिथेच, रस्टीच्या गाडीच्या आडोशाला. तो म्हणाला, तू हो पुढे, मी येतो. मी घरी येऊन कोबीची पानं उकडायला टाकली. तू खिडकीशी अभ्यास करत होतीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "आई, बाबा ट्रकमध्ये रडतोय." आणि मी पाठ न वळवता म्हटलं, "कारखाना बंद झालाय ना गं. रडू दे त्याला."

ते वाक्य माझं आहे. तू त्यात फक्त करार आणि पक्ष घातलेस. मला त्याचा पश्चात्ताप नाही, हेही सांगून ठेवते. पुढच्या आठवड्यात तुझी कोलंबस शहरातली वादविवाद स्पर्धा होती आणि तिच्यावर शिष्यवृत्ती अवलंबून होती. मी एकोणीस वर्षांची असताना माझी आई आजारी पडली, मी नर्सिंगचं शिक्षण सोडून घरी आले आणि परत कधी गेले नाही. मला आईचा राग नाही, पण तिच्या उशाशी बसून मी जे गमावलं ते मला रोज दिसायचं. तुला कळलं असतं तर तू घरी राहिली असतीस. तुझा स्वभाव तसाच आहे, टीव्हीवर कितीही कडक दिसलीस तरी. म्हणून त्या रात्री मी बाबाकडून शब्द घेतला की कोरीनला कधीही सांगायचं नाही. तू कोलंबसला गेलीस, बक्षीस घेऊन आलीस, तेव्हा मी टोलेडोला लूसीमावशीकडे गेले होते ना? मी हॉस्पिटलात होते. कारखान्याकडून मिळणारा आजारपणाचा विमा संपायच्या आत ऑपरेशन उरकायला हवं होतं, बाबाने त्यासाठी दारोदार फिरून, सह्या घेऊन तारीख मिळवली. उन्हाळ्यात मी कापडाच्या दुकानात काम करते असं तुला सांगून रोज तासभर गाडीने जायचे, ते किरणांच्या उपचारासाठी. बाबा गाडी चालवायचा. परत येताना तो दोन आईस्क्रीम घ्यायचा आणि मला जात नाही म्हणून दोन्ही तोच खायचा.

मी बरी झाले, आणि आजही बरी आहे, काळजी करू नकोस. पण तू चाळिशीला आलीस. डॉक्टर विचारत असतील घरात कोणाला होतं का, आणि तू नाही म्हणत असशील. आता हो सांग, आणि तपासून घे. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

तेव्हा बघ, त्या खुर्चीत बाबाची काय गत झाली. हो म्हणावं, तर ते पूर्ण खरं नव्हतं, आणि आयुष्यात त्याने कधी कॅमेऱ्यासमोर काय, साध्या पत्त्यांच्या डावातही खोटेपणा केला नाही. नाही म्हणावं, तर तू खोटी पडतेस. खरं सांगावं, तर मला दिलेला शब्द मोडतो, आणि मी तर समोरून मानेनेच नको सांगत होते. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. म्हणून तो बसून राहिला. त्यात ना लाज होती ना तुमचं ते राजकारण. आणि तू सांगतेस ते अगदीच खोटंही नाही, एवढं मी आमच्या पक्षाची असूनही कबूल करते. नोकरी गेली नसती तर विमा गेला नसता, आणि विमा राहिला असता तर तो कदाचित इतका घाबरला नसता. हे दोघांपैकी कुठल्याच उमेदवाराच्या भाषणात मी ऐकलेलं नाही.

मी हे पत्र लिहिते आहे हे त्याला माहीत नाही. काल मी म्हटलं, एमिल, आता सांगून टाकूया पोरीला. तर म्हणाला, "मतदान तोंडावर आलंय, तिचं डोकं ठिकाणावर राहायला हवं. करू दे माझा राग. मी सोसेन." तेव्हा तुझी स्पर्धा होती म्हणून नको, आता निवडणूक आहे म्हणून नको. शनिवारी क्लीव्हलंडच्या मोठ्या सभेत तू ट्रकची गोष्ट सांगणार अशी जाहिरात इथं रोज लागते आहे. ती सांगायची की नाही ते तुझं तू ठरव. मी तुला राजकारण शिकवायला बसलेले नाही. माझी गाठ मात्र कोणत्याच वाहिनीवर जाता कामा नये, ना तुझ्या, ना त्यांच्या. तू फक्त बाबाला फोन कर. त्याला काही विचारू नकोस, माफीबिफी मागत बसू नकोस, थँक्सगिव्हिंगला किती वाजता पोहोचतेस तेवढं सांग. तो तुला गमावेल, पण मला दिलेला शब्द मोडणार नाही, असा माणूस आहे तो. म्हणून तो शब्द मी मोडला.

तुझीच,
मत मात्र आमच्याच माणसाला देणारी,
आई