जामीन ठेवलेली पोर

११ मार्च

आज मला उभं केलं! मी दारात गोवऱ्या फोडत बसले होते. सोसायटीचे पुढारी सुंदरराव जीपमधून उतरले, मागून धुळाजी मुकादम. "भिवराबाई, सोसायटीत बायांची एक जागा रिकामी हाय. तुमीच उभ्या ऱ्हा." म्हनलं, माझे गुडघे मला अंगणात उभं ऱ्हाऊ देत न्हाईत, सोसायटीत कसे देतील? सगळे हसले. धुळाजी हसला न्हाई. "निवडून या. चेअरमन निवडायच्या दिवशी सुंदररावांसाठी हात वर करा. तुमची शिवकन्या घरी आनून सोडतो."

सही केली. काय करनार?

शिवकन्या माझी नात. माझा ल्योक शहादेव आन सून आगाऊ पैसे उचलून धुळाजीच्या टोळीत ऊस तोडायला गेलते. सुनेच्या पायावर कोयता बसला. दोघं टोळी सोडून सांगलीच्या दवाखान्यात, आन धुळाजीनं पोर ठिवून घेतली. "कामावर परत येईस्तोवर जामीन." आता ती त्याच्या माजलगावच्या शेतावर शेण काढती. दोनदा गेलते. फाटकातूनच परत लावलं. आत कितीक पोरी दिसल्या, सगळ्या पाठमोऱ्या.

१४ मार्च

टँकर आला न्हाई. मंजुळा आली.

भर दुपारी, रांजणापाशी. माझी थोरली बहीन. बहात्तरच्या दुष्काळात बापानं गाडीभर कडब्यासाठी तिला एका बागायतदाराच्या घरी ठिवली. "अकितीच्या सणाला आनू." अकितीच्या आधीच पटकीनं गेली. चाळीस वर्सं झाली, मी म्हातारी झाले, ती अजून परकरातच! रिकाम्या रांजणात वाकून बघती. बोलत न्हाई. म्हनलं, मेलेल्या मानसाला तहान कशाची गं? रांजणावर झाकण ठिवलं. दिवस बुडेस्तोवर आतून तांब्या खरडल्यावानी आवाज येत ऱ्हायला.

१९ मार्च

बिनविरोध आले. कपाळाला गुलाल फासला. धुवायला पानी न्हाई, तशीच बसले.

सुंदरराव सेक्रेटरीबरोबर बुद्धिबळ खेळत होते. मला बघून म्हनले, "आमचं प्यादं पार पलीकडं पोचलं!" ईचारलं, पोचल्यावर त्याचं काय होतं? "वजीर होतो." म्हनलं, मग वजिराच्या दारात आदी टँकर पाठवा. सेक्रेटरी तोंड दाबून हसला.

एकाच गोष्टीला किती नावं! धुळाजी जामीन म्हनतो. सोसायटीत सोनं ठिवलं की तारण म्हनत्यात. मंजुळेला आमची आई गहाण म्हनायची – तेबी हळू, बापानं ऐकू नये म्हनून. पलीकडच्या पार्टीचे विठ्ठलराव काल दारात येऊन गेले, "आज्जी, पोरगी ओलीस हाय आन तुमी त्यांचा मोहरा." मोठी मानसं! एकेक शब्द पदरात टाकत्यात आन जात्यात. पोर कुनीच टाकत न्हाई.

२४ मार्च

सहलीला आनलंय, जेजुरीला. चेअरमनच्या निवडीआधी दुसऱ्या पार्टीनं मेंबर पळवू नये म्हनून असं गाडीत घालून लांब नेऊन ठिवायचं, ही रीतच हाय. फोन काढून घेतले. जेवायला दोन्ही टायमाला गोड. तात्याबा मेंबर म्हनला, "भिवराबाई, मी नवरदेव होतो तवाबी एवढी खातीर झाली न्हवती." म्हनलं, बोकडाचीबी होते की, जत्रेच्या आधी. त्याचा घास हातातच ऱ्हायला.

मग शपथेचा भंडारा उचलायला लावला, हात सुंदररावांसाठीच वर करनार म्हनून. सगळ्यांनी उचलला. मी हात मागं बांधले. "आदी पोर, मग भंडारा." सुंदरराव तापले, "म्हातारे, लई बोलतीस!" धुळाजीनं खंडोबाच्या पायरीवर हात ठिवून सांगितलं – निवडीच्या दिवशी पोर जीपमधी बसवून आनतो. तवा उचलला. पिवळे हात पदराला पुसले न्हाईत.

लॉजच्या नळाला पानी हाय. मंजुळा हितंबी आली. बादलीत दोन्ही हात घालून बसली, उठंना.

२७ मार्च

अजून सहलच. गोड खाऊन जीभ आंबली.

३० मार्च

काल निवड झाली, वडवणीला. लिहायला आज हात धजला.

कचेरीसमोर धुळाजीची जीप उभी. मागं पोरगी, तोंडाला ओढणी बांधलेली, उन्हामुळं. "घ्या तुमची शिवकन्या!" धुळाजी वरडला. मी ओढणी सोडली.

माझी न्हवं.

तेवढ्याच वयाची, तेवढीच वाळलेली. हातावर शेणाच्या भेगा. पन माझी न्हवं. धुळाजीनं फसवलं न्हाई, त्याला खरंच ठावं न्हवतं! त्याच्या शेतावर सगळ्या पोरींना "ए पोरी" म्हनत्यात. शिवकन्या म्हनून हाक मारली, ही उठून आली, त्यानं आनली.

तोंड उघडनार, तेवढ्यात पोरीनं माझं बोट धरलं. ओठ न हलवता म्हनली, "आजी, हो म्हना."

न्हाई म्हनले असते तर हिला परत नेली असती. हो म्हनले तर माझी तिकडंच. जीपच्या पलीकडं मंजुळा उभी होती. आज पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं.

"हीच माझी," म्हनलं.

मग आत गेले आन हात वर केला. शिवकन्या त्यांच्याच आवारात, खाली कसा ठिवू? हात माझाच होता. वर नेनारी मी न्हवते.

३१ मार्च

पोर भाकरी खाती आन निजती. नाव सत्यभामा. आई-बाप कर्नाटकात, कुठल्या कारखान्यावर ते तिला सांगता येत न्हाई. शिवकन्येचं ईचारायला मला धीर होईना. चूल सारवली, भांडी घासली, तीच तीच घासली.

१ एप्रिल

ईचारलं. पोर म्हनली, शिवकन्या तिथं न्हाईच. होळीच्या आधीच घाटनांदूरची एक म्हातारी पैसे फेडून नात न्यायला आली, सगळ्या पोरींची तोंडं बघितली. तिची नात त्यांच्यात न्हवती. म्हातारीनं शिवकन्येचा हात धरला आन म्हनली, "हीच माझी."

सकाळच्या गाडीनं घाटनांदूरला निघते. सत्यभामेला संगं घेऊन.