बटण, खोडरबर आणि नववा नियम

३ जानेवारी
ताई, भावोजी आणि भाची आज गेले. भाचीच्या पायाचं ऑपरेशन, मग प्लास्टर, मग तपासण्या. तीन आठवडे तिकडेच. घर माझ्या ताब्यात. घर म्हणजे मुख्यतः दोन हॅमस्टर. बुटक्या जातीचे, मुठीत मावतात. भाचीनं नावं ठेवलीत बटण आणि खोडरबर. दोघांना वेगळे पिंजरे, कारण एकत्र ठेवलं की एकमेकांना फाडतात. (मी आणि ताई एकाच खोलीत वाढलो. काय झालं? तिच्या कपाळावर एक खोक आहे, तेवढंच.)

निघताना ताई म्हणाली, पोरगी ऑपरेशनला तयार झाली ती या दोन उंदरांच्या भरवशावर. घरी आली की प्लास्टरवरून त्यांना चालवणार आहे म्हणे. आणि उंदीर आता तुझ्या भरवशावर. बघ बाबा.
उंदीर नाहीत ते, असं भाची गाडीतून ओरडली.
मी म्हटलं, निर्धास्त जा. म्हणताना फार बरं वाटलं.

४ जानेवारी, सकाळी ११
उशिरा जाग आली. प्रवासाचा शीण. प्रवास त्यांनी केला, पण बॅगा मी उतरवल्या.

फ्रिजवर भाचीनं स्केचपेननं नियम लिहून लावलेत. अकरा. वरचे चार वाचले. १) हात धुवून मगच हात लावणे. २) दोघांना भेटवू नये. ३) पाणी रोज बदलणे. ४) बटणला सूर्यफुलाची बी रोज एकच. तो मागेल. देऊ नये. पुढचे सगळे तपशील असणार. मुद्दा कळला की माणसानं पुढे सरकावं.

मी माझं वेळापत्रक बनवलं. साडेपाचला उठणे, व्यायाम, पिंजरे साफ, वाचन, इंग्रजी सुधारणे वगैरे बारा ओळी. फ्रिजवर जागा नव्हती म्हणून भाचीच्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावरच चिकटवलं. वर नियम, खाली अंमलबजावणी. एकदम ऑफिससारखं दिसतं.

५ जानेवारी
साडेपाच जरा टोकाचं होतं. सात करू.
खोडरबरचं पळायचं चाक कुईंकुईं करतं. तेल घालायला उठलो. तेलाची बाटली मिक्सरच्या मागे सापडली. मिक्सर हलतोय असं वाटलं म्हणून खोलला. संध्याकाळपर्यंत जोडला. एक स्क्रू उरला, तरी चालतोय. म्हणजे कंपनीनं उगाचच घातला होता.
चाकाचं राहिलं.

८ जानेवारी
ऑपरेशन झालं. संध्याकाळी फोन. भाचीचा आवाज औषधानं जड. पहिला प्रश्न, बटण जेवला का? मामा जेवला का हे या घरात कुणी विचारत नाही.
भूल देताना डॉक्टर म्हणाले आकडे मोज, तर तिनं आकड्यांऐवजी हॅमस्टरचे नियम म्हणायला सुरुवात केली. सातव्याला झोप लागली. नववा राहिला, म्हणाली. मामा, नववा सगळ्यात महत्त्वाचा आहे हं. मी म्हटलं, अगं माहितीये.
फोन ठेवल्यावर बघणार होतो. तेवढ्यात दूध उतू गेलं.

११ जानेवारी
बटण माझ्या तळहातावर बसून बी सोलतो. दोन्ही हातांत धरून, एखाद्या हिशेबनीस काकांसारखा. पाठीवर काळी रेघ, डाव्या कानाला छोटी चीर. तीन बिया दिल्या. मागत होता.

विचार केला, हेच आपलं क्षेत्र. लिफ्टवाल्याकडे चार महिने, फोटोग्राफरची छत्री धरत दोन, कुरिअरमध्ये एकोणीस दिवस. ताई म्हणते तुझ्यात चिकाटी नाही. चिकाटी आहे. जागा बदलते. हॅमस्टर पालनावर मराठीत चांगलं पुस्तक असल्याचं माझ्या तरी कानावर नाही. मीच लिहीन. प्रकरण पहिलं, मोकळी हवा. म्हणून बटणचा पिंजरा उचलून खिडकीखाली ठेवला. खोडरबरचाही ठेवणार होतो, पण पाठीत चमक भरली.

१४ जानेवारी, सकाळी ८
टेम्पोवाल्या दोस्ताचा फोन. कुणाचं तरी घर हलवायचंय, दुसऱ्या गावी. कपाटं, सोफा. तो म्हणाला, चल रे, एकटा काय उचलू? सकाळी जाऊ, रात्री परत. मी म्हटलं माझ्यावर जबाबदारी आहे. तो म्हणाला, उंदरांची? मी म्हटलं, उंदीर नाहीत ते. पण निघालो. घरात बसून पुस्तक होत नसतं, अनुभव लागतो.
दोघांना दुप्पट दाणे. खिडकी थोडी उघडी ठेवली. हवा खेळती पाहिजे.

१७ जानेवारी, दुपारी ४
एका दिवसाचे तीन झाले. टेम्पोची क्लच प्लेट गेली. यात माझा काय दोष? दरम्यान इथं थंडीनं कहर केलाय. घरात शिरलो तर फ्रिजच्या बाहेरच जास्त गार.

खोडरबर आतल्या कपाटाशी, कापसात, माझ्यावर चिडलेला.

बटण खिडकीखाली. गोळा होऊन पडलेला. बर्फासारखा गार, कडक. हाक मारली. टिचकी मारली. फुंकर मारली. काही नाही.

चहाच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. खाली कापूस, वर एक बी. नियमाप्रमाणे एकच. गॅलरीत कोरफडीची मोठी कुंडी आहे, तिथं पुरला. मुळं आडवी आली म्हणून फार खोल जाता आलं नाही. वर दोन बोटं माती. तिथं ऊन छान येतं. त्याला आवडलं असतं.
डोळ्यांत धूळ गेली. टेम्पोचीच.

संध्याकाळी
फोन. बटण जेवला का? म्हटलं, हो.

१९ जानेवारी
हातपाय गाळून चालत नाही. प्राण्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, पाठीवर काळी रेघ असलेला द्या. दुकानदार म्हणाला, रेघ सगळ्यांनाच असते, भाऊ. कानाला चीर असलेला आहे का विचारलं, तर म्हणाला, डिफेक्टिव्ह आम्ही ठेवत नाही.

आणला. हुबेहूब. फक्त थोडा जाड, आणि चावतो. अंगठ्याला पट्टी. भाचीला काही कळायचं नाही. दुनिया मामाला मामा बनवते, एकदा मामानं भाचीला बनवलं तर बिघडलं कुठे?
त्याला बटण म्हणून हाक मारण्याची प्रॅक्टिस सुरू. तोंडातून निघत नाही.

२१ जानेवारी
फोन. भाची म्हणाली, बटणला फोन दे. पिंजऱ्याशी धरला. चाकाचा आवाज ऐकून म्हणाली, इतका वेळ पळतोय? बटण तर आळशी आहे. मी म्हटलं, तुझी वाट बघून बघून सुधारला.

२३ जानेवारी
उद्या येणार. घर आवरलं. वेळापत्रक काढून टाकावं म्हटलं. बारापैकी एकही ओळ पाळली नाही हे ताईनं मोठ्यानं वाचू नये, एवढंच. सेलोटेप सोलली.

खाली बाकीचे नियम.

९) गार पडून कडक झाला तर मेला असं समजू नये!!! थंडीत तो असा झोपतो. ओंजळीत धरून बसावे. हळूहळू ऊब द्यावी. मी एकदा पाऊण तास धरला होता, मग त्यानं मिशी हलवली.

गॅलरीत धावलो. चमचा घ्यायचं सुचलं नाही, हातानंच उकरलं.

खोकं सापडलं. कोपऱ्याला बोटाएवढं भोक. पुठ्ठा कुरतडलेला. आतून. आत कापूस होता. बीचं साल होतं.

बटण नव्हता.

कुंडीच्या मागे, कपाटाखाली, पाण्याच्या पाइपपाशी, सगळीकडे टॉर्च मारला. दुसरा मजला. गॅलरीच्या कडेला पाणी जायचं भोक आहे. त्याच्याकडे बघितलं नाही.

२४ जानेवारी
आले. भाची मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. सोफ्यावर टेकायच्या आधीच म्हणाली, आण. मी दोघांना आणलं. खोडरबरला प्लास्टरवर सोडलं, तो तुरुतुरु घोट्यापर्यंत गेला. दुसऱ्याला तिनं हातात घेतलं, कानाशी बघितलं आणि विचारलं, मामा, हा कोण?

मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. कानाची चीर भरून आली, हे सगळ्यात चांगलं होतं. एकही आठवलं नाही.

खरं सांगितलं. म्हणजे बरंचसं. गार पडला, मी पुरला, तो उठून गेला. खिडकीचं सांगितलं नाही. टेम्पोचं सांगितलं नाही. सगळं एकदम सांगून पोरीला त्रास कशाला?

ती रडली नाही. फ्रिजकडे बघून म्हणाली, नववा वाचला नव्हतास ना? मी म्हटलं, वाचला. उशिरा. ताईनं कपाळाला हात लावला, बरोबर त्या जुन्या खोकेवर.

मग भाचीच म्हणाली, म्हणजे तो जिवंत आहे. भूक लागली की येईल. मामा, रोज संध्याकाळी कुंडीत एक बी ठेव. एकच.

२६ जानेवारी
बी ठेवली. सकाळी जशीच्या तशी. भाची कुबड्या घेऊन गॅलरीपर्यंत आली, बघितलं, परत गेली. नाश्ता केला नाही.

२७ जानेवारी
पहाटे उठलो. साडेपाचला! बी उचलून खिशात टाकली. भाचीनं रिकामी कुंडी बघितली आणि इतक्या जोरात किंचाळली की भावोजींच्या हातातला चहा सांडला. आला होता! मामा, तो आला होता!
दोन पोळ्या खाल्ल्या तिनं. आजपासून हे रोज. ही चिकाटी नव्हे तर काय?

२९ जानेवारी
टेम्पोवाल्याचा फोन. आठ दिवसांची ट्रिप, समुद्राकडे. म्हटलं, जमणार नाही, सकाळची ड्यूटी आहे. तो म्हणाला, तुला? आणि बराच वेळ हसला.
खिशात आता तीन बिया झाल्या.

३१ जानेवारी, सकाळी ९
झोप लागली. साडेआठला भाचीच्या ओरडण्यानंच जाग आली. गॅलरीत गेलो तर कुंडीत बी नाही. मी उचललेली नाही! खिसा तपासला. चारच. कालपर्यंतच्या. म्हणजे तो आला. खरंच आला. जिवंत आहे. मी मारलेला नाही. पुस्तक आता नक्की लिहिणार.

९ वाजून २० मिनिटं
स्वयंपाकघरात जाऊन ताईला सांगितलं. ती कणीक मळत होती. वर बघितलं नाही. कोपरानं ओट्याच्या कडेकडे खूण केली. तिथं बी होती.
म्हणाली, मी उचलली. तू उठणार नाहीस, माहीत होतं मला.
मग कणीक झाकत म्हणाली, तिला कधी सांगणार आहेस?

सकाळी १०
नवं वेळापत्रक केलं. एकच ओळ आहे, साडेपाचला उठणे. या वेळी दाराच्या मागे लावलंय, तिच्या कागदावर नाही.