उपचार की शिकवणी

३ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग चालू असताना व्यवस्थापकांनी बाहेर बोलावलं. कर खात्याची नोटीस आलीय. माझ्या वर्गाबद्दल.

मी म्हणालो, "इस्पितळाला कर नाही ना?"

"उपचारांना नाही. पण त्यांचं म्हणणं, तुम्ही करता तो उपचारच नाही. मागचा सगळा कर भरा म्हणतात."

"मग काय आहे तो?"

"ते त्यांनी लिहिलेलं नाही."

आत आलो तर तिघंही माझ्याकडे बघत बसलेले. शिंपी, ड्रायव्हर, हेडबाई. तिघांच्या गळ्याला माझ्यासारखंच भोक, त्यावर माझ्यासारखाच रुमाल. कर्करोगात स्वरयंत्र काढून टाकलं की श्वास त्या भोकातून चालतो आणि आवाज जातो. तो परत आणायचा एक रस्ता आहे — हवा गिळायची, अन्ननळीत अडवायची, ढेकरासारखी वर आणायची आणि येता येता तिचे शब्द करायचे. मला तो एका म्हाताऱ्याने शिकवला. त्याच्याही गळ्याला भोकच होतं. मी यांना शिकवतो. औषध नाही, यंत्र नाही. पदवी तर नाहीच. मी कोर्टात पुकारा करणारा शिपाई होतो. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की फाटकापर्यंत जायची.

"काय झालं?" शिंप्याने विचारलं. त्याला आता छान जमतं. बेडकाने विचारल्यासारखं, पण स्पष्ट.

"काही नाही."

पुन्हा 'काका'पासून सुरू केलं. क, ट, प — या अक्षरांनी हवा आपसूक आत ढकलली जाते. हेडबाईंकडून अजून काहीच येत नाही. आख्खी शाळा एका आवाजात गप्प करणारी बाई. तोंड उघडतात, मिटतात, खिडकीकडे बघतात.

५ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ही म्हणाली, "भरतील की. एवढं मोठं इस्पितळ." मोठं कसलं! पलंगांचा गंज घासून रंग देतात आणि नवे म्हणतात.

११ फेब्रुवारी

वकीलबाई आल्या होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. खुर्ची जवळ ओढून बसल्या, ते आवडलं. लोक सहसा माझ्यापासून लांब बसतात.

"काका, कायद्यात उपचार म्हणजे मान्यता असलेल्या वैद्यक पद्धतीचा, आणि अधिकृत माणसाने केलेला. तुम्ही अधिकृत आहात का?"

"नाही."

"मग आपण म्हणू, उपचार इस्पितळच करतं. तुम्ही नुसते त्यांचे हात."

"हात कसले. घसा."

त्या हसल्या. मग एकदम ओशाळल्या. मीच म्हणालो, हसा हो, हसण्यासारखंच आहे.

हिंमत अशी काही आली नाही. पण निदान कुणीतरी नीट विचारलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुनावणी झाली. तिथे पुकारा नाही. भिंतीवरच्या पडद्यावर नंबर येतो, आपण आत जायचं.

अधिकारी तरुण, सभ्य. आधी मला पाणी विचारलं. असल्या माणसावर रागही धरता येत नाही, ते जास्त लागतं.

"तुमच्याकडे येतात तेव्हा रुग्णांची शस्त्रक्रिया झालेली असते?"

"हो."

"जखम भरलेली असते? घरी सोडलेलं असतं?"

"हो."

"मग उपचार संपलेला आहे. तुम्ही त्यांना एक गोष्ट शिकवता. म्हणजे हे प्रशिक्षण."

वकीलबाई म्हणाल्या, शिक्षणालाही सूट आहे.

"मान्यता असलेला अभ्यासक्रम असेल तर. परीक्षा होते? प्रमाणपत्र मिळतं?"

मी म्हणालो, "परीक्षा रोज होते. दुकानात."

त्यांना कळलं नाही. त्यांनी वकीलबाईंकडे बघितलं. मी पुन्हा म्हणालो. घाई केली की हवा पुरत नाही. शेवटचा शब्द घशातच राहिला. टाइप करणारी मुलगी बोटं उचलून थांबली. तिसऱ्या वेळी वकीलबाईंनी माझ्या वतीने सांगितलं. त्यांच्या तोंडी तो नुसता विनोद झाला. अधिकारी थोडंसं हसले, आणि पुढचा मुद्दा घेतला.

डॉक्टर नाही आणि मास्तरही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं मोठ्याने घेतली. माझ्या कामाला मात्र नाव सापडत नाही.

२६ फेब्रुवारी

हेडबाईंचा आवाज आला! 'काका'तला पहिला 'का'. नुसता. प्रश्न विचारल्यासारखा. ड्रायव्हरने टेबलावर थाप मारली. बाई स्वतःच दचकल्या, इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून. मग पुन्हा — "का."

घरी येईपर्यंत मी खूश होतो. जिन्यात सुनावणी आठवली.

१० मार्च, सोमवार

निकाल विरुद्ध गेला. प्रशिक्षण, करपात्र.

व्यवस्थापक म्हणाले, "अपील करतोय. तोवर वर्ग बंद ठेवावा लागेल. चालू ठेवला तर बोजा वाढत जाईल." बोलताना नजर टेबलावरच्या काचेवर. माझा राग नाही. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं.

तिघांना मीच सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "माझी पोरगी आत्ता कुठे माझा फोन उचलायला लागली होती." आधी त्याचा आवाज ऐकला की ती घाबरून फोन ठेवायची.

शिंपी म्हणाला, "मास्तर, कर आमच्या ढेकरांवर?" कुणीच हसलं नाही. हेडबाईंनी पिशवी उचलली, रुमाल नीट केला आणि निघाल्या. शाळा सुटल्यावर निघावं तशा, ताठ.

१२ मार्च

वर्गाचा वार. उठून दाढी केली. मग आठवलं.

२८ मार्च

ही म्हणाली, "घरी बोलवा ना तिघांना. जागा काय कमी आहे?" मलाही पटलं. दुपारी वकीलबाईंना विचारलं.

"काका, चुकूनही नको. अपील चालू आहे. घरी शिकवलंत तर ते म्हणतील, बघा, ही तर खासगी शिकवणी. केस तिथेच संपली."

हिला येऊन सांगितलं. ही भांडी आवरत होती. म्हणाली, "म्हणजे बोलायला शिकायचं तर आधी कोर्टाने बोलायचं." आणि एक पातेलं जरा जोरात ठेवलं.

९ एप्रिल

हेडबाईंकडे गेलो. सुनेने दार उघडलं. खालच्या आवाजात म्हणाली, "प्रयत्नच करत नाहीत आता. आधी न्हाणीघराचं दार लावून करायच्या. एकदा पोरं हसली बाहेर. त्या दिवसापासून बंद."

बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला बघून उठून बसल्या, केस सारखे केले. मी म्हणालो, "बाई, एकदा 'का' म्हणा." मान हलवली, नाही. मी पुन्हा म्हणालो. त्यांनी डोळे मिटून घेतले.

खूप वेळ बसलो. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दाराकडे बघितलं. जा, असं. रागाने नव्हे. वर्गातल्या मुलाला सांगावं तसं.

अवघड हे आहे की नव्याने आलेला आवाज वापरला नाही तर तो जातो. मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे.

२ मे

शिंपी रस्त्यात भेटला. दुकानात आता मुलगा बसतो. "गिऱ्हाईक दचकतं," म्हणाला. एवढंच बोलला. पूर्वी त्याला गप्प बसवावं लागायचं.

१९ मे, सोमवार

अपिलाची सुनावणी. या वेळी अधिकारी बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या असाव्यात. वकीलबाईंनी ड्रायव्हरला बरोबर आणलं होतं. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण उघडं, नाहीतर श्वास अडतो.

अधिकारीबाईंनी त्यालाच विचारलं, "वर्गात काय होतं?"

तो बोलायला लागला आणि अडकला. इतके दिवस सराव नव्हता. वकीलबाई मध्ये बोलायला गेल्या, तर अधिकारीबाईंनी हात वर केला. "मी ऐकतेय. सावकाश होऊ दे."

मग तो बोलला. सावकाश, तुटक. पोरीच्या फोनबद्दल. पेट्रोल पंपावर त्याला बहिरा समजून मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाबद्दल. "डॉक्टरांनी जीव वाचवला," म्हणाला. "पण घरात मी नव्हतोच. मास्तरांनी घरात आणलं."

अधिकारीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. निकाल नंतर कळवू, म्हणाल्या.

ड्रायव्हरने बाहेर येऊन विचारलं, "जमलं का मला?" जमलं, म्हणालो. पण आशा वगैरे नाही. कोर्टात उभं राहून मी पुष्कळ चांगली माणसं हरताना बघितली आहेत.

२० जून, शुक्रवार

जिंकलो!

वकीलबाईंचा फोन. निकाल आपल्या बाजूने. शस्त्रक्रियेने गेलेली शक्ती परत देणं हा उपचाराचाच भाग, म्हणून कर नाही. ही फोनजवळच उभी होती, तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. संध्याकाळी गोड केलं. मी हेडबाईंच्या घरी फोन लावला. सुनेला म्हणालो, सोमवारी बाईंना पाठवा. ती म्हणाली, "सांगते. पण येतील असं वाटत नाही." या म्हणावं, म्हणालो. नुसत्या बसा म्हणावं.

२३ जून, सोमवार

खोलीला कुलूप. आधी वाटलं, शिपाई उशिरा आला.

व्यवस्थापकांनी बसवून घेतलं. निकालातला पुढचा भाग वाचून दाखवला. हा उपचार आहे, म्हणून करातून सूट. आणि उपचार आहे, म्हणूनच तो नोंदणी असलेल्या व्यक्तीनेच करायचा.

"आम्ही शोधतोय," म्हणाले. "वाणीउपचारवाले मिळत नाहीत. मिळाले तर एवढ्या पगारात येत नाहीत. तोवर खोली बंद."

"आणि मी?"

"तुम्ही शिकवलंत तर तो विनापरवाना उपचार. गुन्हा होतो, काका. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी निकाल पुन्हा वाचून बघितला. मग म्हणाल्या, "काका, आपण हेच तर मागितलं होतं."

खरं आहे. तेच मागितलं होतं.

बाहेर हेडबाई उभ्या होत्या. आल्या होत्या! कुलूप बघितलं, माझ्याकडे बघितलं. सून त्यांना रिक्षात घेऊन गेली.

२५ जून

काही नाही.

२७ जून

ही म्हणते, बोला काहीतरी. काय बोलू.

४ जुलै, शुक्रवार

माझ्याच तपासणीसाठी इस्पितळात गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक जण बायकोबरोबर बसलेला. गळ्याची पट्टी नवी. त्याने माझ्या रुमालाकडे बघितलं आणि बघतच राहिला. मी शेजारी बसलो, म्हणालो, "कधी झालं ऑपरेशन?" माझा आवाज ऐकून त्याचे डोळे मोठे झाले.

बायकोने विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?"

नाही म्हणालो.

"मग शिकवता का?"

तेही नाही म्हणालो. समोर व्यवस्थापकांचं दार उघडं होतं, आत ते फोनवर होते. मी त्या माणसाकडे वळलो.

"तोंड मिटा," म्हणालो. "आता हवा गिळा."