अक्काची गाठ

बुधवार, संध्याकाळ. जळगाव.

रिपोर्ट आला. गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अक्का शांत बसून होती, रडले मी.

अक्का माझी मोठी बहीण, नशिराबादला असते. छातीत गाठ हाताला लागली, ती तिने उन्हाळाभर कोणाला सांगितली नाही. मोबाईलवर कुणा माणसाचा व्हिडिओ पाहून एरंडाच्या पानांचा लेप लावत राहिली. लेपाने गाठ विरघळते म्हणे. कातडी भाजल्यासारखी लाल झाली तरी लेप चालूच. मी रोज फोनवर बोलते तिच्याशी, मला कसं कळलं नाही? तो लेप काही डोक्यातून जात नाही. गाठ वाईट निघाली असती तर... नकोच तो विचार.

मागच्या आठवड्यात ती आपणहून आली आणि म्हणाली, दवाखान्यात घेऊन चल. आज परतताना रिक्षात विचारलं, एकदम कशी तयार झालीस?

"दुसरा व्हिडिओ पाहिला. एका डॉक्टरीणबाईचा."

मी चिडलेच. पुन्हा व्हिडिओच? हिच्यावर तरी विश्वास कसा बसला?

"बाकीचे बठ्ठे व्हिडिओवाले मला न बघताच बरं करत होते," अक्का म्हणाली. "ही एकटीच म्हणे, हात लावून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, जवळच्या डॉक्टरकडे जा."

मी रिक्षा माझ्या घराकडे घ्यायला सांगितली.

आज तिला इथेच ठेवून घेतलं. दिवेलागणीलाच झोपली आहे, चक्क घोरतेय. जेवायला उठवायचं जिवावर आलंय.