गोठ्यातले ताट

चामोर्शी, मंगळवार, माघ १९५६

सुमनला आज सासरहून घेऊन आलो. मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या या बहिणीच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, वर किरणही दिले, बरी झाली म्हणून घरी पाठवली. आणि सासरी तिचे ताट गोठ्यात! गुरांपाशी! तिच्या नवऱ्याला म्हणालो, "हा रोग लागत नाई. डाक्टरनं सांगतलं ना तुले?"

"मले समजते, भाऊ. पण लोक आमच्या घरची मासोळी घेत नाईत." एवढे बोलून तो जाळे विणत बसला.

ते ताट मीच उचलले.

परतताना बैलबंडीत सुमन म्हणाली, "भाऊ, मी मुंबईलेच मेली असती, तं तो रडला असता ना?"

"हो," म्हणालो. खोटे कशाला बोलू? खूप रडला असता.