क्रिसांतोच्या पायासाठी दोन बॅटऱ्या

८ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. क्रिसांतोच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली आहे. वीस नोव्हेंबरला ऑपरेशन. तोवर एकही सिगारेट नाही. त्याआधी तेरा नोव्हेंबरला तपासणी. श्वासात धूर सापडला तर ऑपरेशन रद्द, आणि मग आज ना उद्या पाय कापावा लागेल.

बाहेर आल्यावर म्हणाला, "आजपासून बंद, फेली." एवढंच. जणू दुधाचा रतीब बंद करतोय!

चाळीस वर्षं जीपनी, म्हणजे प्रवासी नेणारी लांबट जीप, चालवलेला हा माझा नवरा. पद्धत म्हणून काही ठाऊक नाही. मी बत्तीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये शिवणकाम शिकवलं. इच्छाशक्तीवर माझा विश्वास नाही, पद्धतीवर आहे. त्याला वेपवर, त्या बॅटरीच्या वाफेच्या सिगारेटवर, आणायचं. मी स्वतः कधी ओढली नाही, त्यामुळे डोकं शांत ठेवून हे करू शकेन. (त्याच्या पाकिटातली अधूनमधून एखादी घेते, ती त्याची एक कमी व्हावी म्हणून. तिला ओढणं म्हणत नाहीत.)

९ ऑक्टोबर

बोयेटच्या वेपच्या दुकानात गेले. हातभर गोंदण, डोक्यावर उलटी टोपी. म्हणाला, "बाई, काकांना हे छोटं द्या. बोटाएवढं आहे. बटण नाही, काही नाही. ओढलं की चालतं."

मी म्हटलं, "तुझ्या आईला मी शिवणात दोनदा नापास केलंय. मला सोप्या गोष्टी दाखवू नकोस."

"म्हणूनच आई तुम्हाला घाबरते, बाई. मी नाही घाबरत."

उद्धट. दोन बॅटऱ्यांचं मोठं यंत्र घेतलं. धातूचं, जड, विश्वासू. त्याने ऐंशी वॅटवर ठेवायला सांगितलं. मी एकशेवीसवर ठेवलं. अर्धवट कामं मला आवडत नाहीत.

क्रिसांतोने एकदा ओढलं, खोकला, आणि म्हणाला, "मला याची गरज नाही गं." गरज नाही! आजारी माणसाला काय कळतं? तोवर यंत्र सरावात राहावं म्हणून मी वापरते आहे. त्यात भरायचा नारळाच्या चवीचा ज्यूस बरा आहे.

१२ ऑक्टोबर

यंत्रातली कॉइल, म्हणजे वाफ करणारी तार, जळली. तोंडात पेटलेल्या गोधडीची चव. ठसका इतका लागला की शेजारची कुत्री भुंकली.

बोयेट विचारतो, "कॉइलमधला कापूस ज्यूसमध्ये भिजायला दहा मिनिटं दिलीत ना?" दिली. मोठी प्रार्थना पूर्ण म्हटली. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनिल्डा ज्या वेगाने म्हणायच्या त्या वेगाने. "ती किती मिनिटांची?" म्हणतो. ह्या मुलाचं आणि देवाचं काही नातं उरलेलं नाही.

त्याच्या कॉइल नकली आहेत. तोंडावर सांगितलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ते बरं झालं.

१५ ऑक्टोबर, सकाळी ६

तांदळाच्या पिंपामागे सिगारेटचं पाकीट! वीसमधल्या दोन कमी. म्हणजे हा माणूस पहाटे उठून, तो दुखरा पाय ओढत, माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओढतो. आणि नाश्त्याला समोर बसून सुकी मासळी आणि भात शांतपणे खातो. खोटारडा!

काही बोलले नाही. आजारी माणसाचा अपमान करू नये. पाकीट जप्त केलं आणि नष्ट करायला घेतलं.

रात्री: आजच्या दिवसात अकरा नष्ट झाल्या. माझा घसा बसलाय. हा सगळा मनस्ताप त्याच्यामुळे.

१९ ऑक्टोबर

नकली माल बंद. कॉइल मीच वळणार. तार, बारीक सळई आणि चिमटा आणला. ज्या बोटांनी बिशपांच्या झग्याची लेस विणली त्यांना दोन इंच तार काय जड आहे?

सकाळभर बसले. वळता वळता सिस्टर बेनिल्डांचा वर्ग आठवला. खिडकीतून फाटक दिसायचं, आणि फाटकाशी एक लाल-निळी जीपनी, कारण नसताना थांबलेली. प्रवासी ओरडायचे आणि ड्रायव्हर वर बघत बसायचा. त्याच्या आरशाला मी विणलेली झालर होती, जीपनी विकेपर्यंत. तेव्हा बारीक होता. पाय चांगले होते.

कॉइल फार देखणी झाली. फुलांची नक्षी घातली होती. बोयेटने भिंगातून पाहिली, पेटवली, आणि म्हणाला, "बाई, कपाटात ठेवण्यासारखी आहे. एक बाजू लालभडक आणि दुसरी थंड. वेढे सारखे नाहीत." माझे वेढे सारखे नाहीत! बाहेर आल्याबरोबर एक नष्ट करावी लागली.

२४ ऑक्टोबर

बॅटऱ्यांचा नियम: ज्या दोन एकत्र घेतल्या, त्या एकत्रच वापरायच्या आणि एकत्रच चार्ज करायच्या. जोडी कधी मोडायची नाही. एक थकलेली आणि एक ताजी असली की थकलेलीवर भार येऊन ती तापते. हा एकच नियम मला बोयेटकडून शिकावासा वाटला. जोड्यांवर संतांची नावं लिहिली आहेत: पीटर-पॉल, जोआकिम-ॲना.

आज पाहते तर पीटर गायब. क्रिसांतोने आपल्या कोंबड्याच्या खुराड्यात बघायच्या टॉर्चमध्ये घातला होता! म्हणे, "सारखीच दिसली." मी तासभर बोलले. तो ऐकत होता. कोंबडाही ऐकत होता. शेवटी क्रिसांतो म्हणाला, "बरं, पीटरची माफी मागतो," आणि हसला. सिगारेट ओढणाऱ्यांनाच असं हसू येतं.

२७ ऑक्टोबर

बाळ येशूच्या मूर्तीमागे पाकीट! देवाच्या पाठीमागे! पुन्हा दोनच कमी. म्हणजे ओढतो, पण मोजून. ही लबाडाची शिस्त.

त्याच्या पायाची बोटं संध्याकाळी निळी दिसत होती. तेल लावलं. खूप राग आला होता म्हणून जरा जोरात लावलं. त्याला बरं वाटलं.

१ नोव्हेंबर, सगळ्या संतांचा दिवस

लिहायचा विचार नव्हता.

आईच्या कबरीपाशी सगळे जमलो होतो. मेणबत्त्या, फुलं, डबे. पर्समध्ये जोआकिम-ॲना होते, जादा म्हणून. जोआकिमच्या अंगावरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलं होतं, अगदी जरासं. चांदीची जपमाळही पर्समध्येच होती, नेमकी त्याला चिकटून.

माझी नणंद लुदिविना म्हणाली, "वहिनी, तुझी पर्स प्रार्थना करतेय का? धूप निघतोय."

पर्स हातात धरवेना. क्रिसांतो त्या पायाने धावत आला, ओढून घेतली आणि वाळूत पालथी केली. फुस्स आवाज, घाण वास, पोरं किंचाळली. जपमाळ काळी पडली. आईची होती.

आणि वाळूत ते जप्त केलेलं पाकीट पडलं. उघडं. लुदिविनाने उचललं. "हे कोणाचं?"

मी म्हटलं, "तुझ्या भावाचं. विचार त्याला."

क्रिसांतोने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो. माझंच."

शेवटी कबूल केलं! लुदिविना त्याला सगळ्या नातेवाइकांसमोर बोलत राहिली. पायाची लाज नाही, बायकोची लाज नाही, मेलेल्यांची तरी धर. तो खाली बघून पर्समधली वाळू झाडत होता. मला विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं.

बोयेट म्हणतो, "बाई, बॅटऱ्या ठेवायची डबी फुकट दिली होती ना?" दिली होती. तिच्यात मी टाचण्या ठेवते. डबीवर बॅटरी असं लिहिलेलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

नवं यंत्र. हे गळतं. सोफ्यावर नारळाचा ज्यूस. पाकीट चपलांच्या कपाटात. दोन कमी.

९ नोव्हेंबर

तपासणीला चार दिवस राहिले. ओढू नकोस म्हणून हात जोडले. म्हटलं, "पाय गेला तर मी तुला सांभाळणार नाही." हे खोटं होतं. तो म्हणाला, "मी ओढत नाही, फेली." ह्याच तोंडाने कबरस्तानात कबूल केलं होतं!

१३ नोव्हेंबर, दुपारी ३

नर्सने त्याला श्वासातला धूर मोजणाऱ्या मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. आकडा आला दोन. हिरवा दिवा. "छान! काका, एकदम स्वच्छ."

मी कधी खोटं चालवून घेतलेलं नाही. सांगून टाकलं, हा माणूस रोज ओढतो. तीन पाकिटं सापडलीत, एक तर देवाच्या मागे. मशीन बिघडलंय.

नर्स म्हणाली, "काकू, मशीन बरोबर आहे."

"बिघडलंय. हे बघ, मी फुंकून दाखवते. मी जन्मात ओढलेली नाही."

तेवीस. लाल दिवा. मशीनने शिट्टीसुद्धा मारली.

मी म्हटलं, वेपचं असेल. नर्स म्हणाली, "वेपने हा आकडा चढत नाही, काकू. हा सिगारेटचाच."

डॉक्टरीणबाई आल्या. पाकिटं कोणाची, म्हणून क्रिसांतोला विचारलं. तो टोपी हातात फिरवत होता. म्हणाला, "मीच ठेवत होतो. मी सोडली, मग हिला मिळणार कुठून? माझ्या खिशातलीच घ्यायची. दुकानात जाऊन मागणार नाही ती, शिक्षिका आहे. आणि नवं पाकीट स्वतः कधी फोडत नाही. म्हणून दोन काढून टाकायचो."

डॉक्टरीणबाई त्याच्यावर ओरडल्या. मग माझ्यावर. ऑपरेशन ठरल्या दिवशी होईल. पण घरात धूर असेल तर नवी रक्तवाहिनी पुन्हा तुंबेल, आणि तेव्हा मात्र पाय. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळ

जीपनीत बसून परत आलो. विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाला, "लग्नाआधीपासून. शेजारच्या सीटवर बसायचीस ना, केसांना वास यायचा. तुला सांगायचं नव्हतं, मग मी कशाला विचारू?"

भयंकर राग आला. चाळीस वर्षं! रागवायला काही सापडेना. कोंबड्यावर ओरडले.

१४ नोव्हेंबर

घरात पाकीट नाही. सगळीकडे बघितलं. फक्त खात्री करायला.

आत्ता पुन्हा कोपऱ्यावर मार्सेलाच्या दुकानात गेले. जाळीपाशी उभी राहिले. आत सुट्या सिगारेटी बरणीत दिसत होत्या. मार्सेला म्हणाली, "बोला बाई, काय देऊ?" मागे दोन जुन्या विद्यार्थिनी रांगेत होत्या.

व्हिनेगर मागितलं आणि घेऊन आले. आजची ही तिसरी बाटली.